पाच मिनिटांचं काम

रविवारी सकाळी आमच्या इमारतीत दर मजल्याचा वास वेगळा असतो. पहिल्या मजल्यावर मटणाचं वाटण भाजत असतात, तिसऱ्यावर कुणीतरी सुके बोंबील तव्यावर टाकलेले असतात. दुसऱ्या मजल्यावर पेट्रोलचा वास सुटला की समजायचं, अप्पांनी कार्बोरेटर उतरवला.

अप्पांकडे आरएक्स हंड्रेड मोटारसायकल आहे. ही गाडी १९८५ साली आली आणि १९९६ साली बंद झाली. इंजिन ९८ सीसीचं, ताकद अकरा हॉर्सपॉवर. आजच्या पोरांना हे आकडे सांगितले तर ती हसतात. अप्पांच्या मागे बसून काळाचौकीच्या नाक्यावरून एकदा निघाली की हसायची थांबतात. आज नीट ठेवलेल्या आरएक्सला लाखाच्या पुढे मागणी आहे आणि विकणारा प्रत्येक जण छातीवर हात ठेवून सांगतो, "जपानी इंजिन आहे." अप्पाही सांगतात. फरक एवढाच की अप्पांना विकायची नाही.

गाडी बिघडलेली असते अशातला भाग नाही. बिघडलेली नसते हेच खरं अप्पांचं दुखणं. आठवडाभर पहिल्या किकमध्ये सुरू होणारी गाडी त्यांच्या मनात पाल चुकचुकवते. शनिवारी रात्री भारतमाताच्या सिग्नलला इंजिनाने एक ठोका चुकवला असं त्यांना वाटतं. मागे बसलेल्या काकूंना तो ऐकू आलेला नसतो. "मिसिंग आलं," अप्पा म्हणतात. "कसलं?" काकू विचारतात. मग घरी येईपर्यंत कुणी बोलत नाही, कारण उद्याचा रविवार गेला हे दोघांनाही कळलेलं असतं. 

सकाळी चहा झाला की अप्पा बनियन बदलतात. चांगलं बनियन काढून डागाचं घालतात. मोरीच्या उंबऱ्यावर पाट, समोर जुना 'नवाकाळ' आणि हाताशी श्रीखंडाचे तीन रिकामे डबे. मोठ्या डब्यात नट-स्क्रू, मधल्यात पेट्रोल, लहानात 'नाजूक मंडळी'. नाजूक मंडळी म्हणजे मेन जेट, पायलट जेट, फ्लोटची पिन आणि सुईची क्लिप. दात घासायचा जुना ब्रश, फुलीचा पेचकस, दहाचा पाना आणि चहाची गाळणी. गाळणीबद्दल पुढे सांगतो.

"पाच मिनिटांचं काम आहे," असं म्हणून अप्पा बसतात. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय. त्यातली पाच मिनिटं दुपारी अडीचच्या आत कधी संपलेली मला तरी आठवत नाहीत.

पेट्रोल आणि आग या बाबतीत मात्र अप्पा गोदीतली शिस्त पाळतात. ते गोदीत फिटर होते. वडील गिरणीत. ब्याऐंशीच्या संपानंतर घरात पगार फक्त गोदीचा यायचा, त्यामुळे हत्यार जपून वापरायची आणि वस्तू टाकून न द्यायची सवय तेव्हापासूनची. कार्बोरेटर उघडा असेपर्यंत सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, देव्हाऱ्यात निरांजन नाही, उदबत्ती नाही, दार-खिडक्या सताड उघड्या. समोरच्या बिऱ्हाडालाही तंबी असते. म्हणजे रविवारी अप्पांच्या घरी देवांची अंघोळ वेळेवर होते, पण आरती कार्बोरेटर बंद झाल्यावर. काकू भाजी चिरून, कणीक मळून, हात बांधून बसतात. "देवाला सांगितलंय मी," त्या म्हणतात, "हे उठले की मग तुझं."

खालची वाटी उघडताना अप्पांचा चेहरा बघण्यासारखा असतो. चार स्क्रू, तिरके-तिरके सैल करायचे, नाहीतर गॅस्केट फाटतं. वाटी सुटते. अप्पा ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरतात. तळाशी पिवळसर पेट्रोल, त्यात गंजाची बारीक लाल भुकटी आणि कधीकधी पाण्याचा एक गोल थेंब. तो थेंब पेट्रोलमध्ये मिसळत नाही, वाटी हलवली की तळावर गोळीसारखा घरंगळतो. अप्पा तो आम्हाला दाखवतात. मजल्यावरच्या प्रत्येकाला दाखवतात. दूधवाल्यालाही दाखवून झालंय. "बघ, बघ काय कचरा निघाला! आणि म्हणे गाडी चांगली चालते."

कचरा निघाला नाही तर काय, असं मी एकदा विचारलं होतं. अप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. 

पायलट जेटचं भोक सुईच्या टोकाहून बारीक. गाडी उभ्या उभ्या, रेस न देता चालू राहते ती याच भोकाच्या जिवावर. ते साफ करायला टाचणी घालणारा माणूस अप्पांच्या लेखी अट्टल गुन्हेगार. पितळ मऊ असतं, टाचणीने भोक मोठं होतं, मग पेट्रोल जास्त जातं आणि प्लग काळा पडतो. अप्पा जुन्या वायरीतली तांब्याची एकच तार काढून वापरतात, तीही ओवायची, घासायची नाही. मग जेट ओठांत धरून फुंकतात. भोकातून पलीकडे उजेड दिसला की "आला!" असं ओरडतात. काळाचौकीत इतक्या जोरात फक्त बाप्पा आला म्हणूनच ओरडतात.

जेटवरचा हिरवा थर जात नसेल तर काकूंच्या आमसुलाच्या बरणीवर धाड पडते. देवाची तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने लखलखीत होतात, मग जेट का नाही, हा युक्तिवाद बिनतोड आहे. पण जेट रात्रभर भिजत ठेवलेली आमसुलाच्या पाण्याची वाटी काकूंच्या नजरेतून सुटली आणि दुसऱ्या दिवशी जेवणात सोलकढी आली तर पिणाऱ्याचा घोट घशात अडतो. अप्पांचे व्याही एकदा जेवायला आले होते. त्यांनी सोलकढी तोंडाला लावली मात्र, अप्पांनी आतून ओरडून विचारलं, "अगं, माझा पायलट कुठे गेला?" व्याह्यांनी पेला खाली ठेवला तो ठेवलाच. 

हवामानावर अप्पांचा राग जुना आहे. आमचं कॉटन ग्रीन म्हणजे बाहेरच्यांना हार्बर लाइनवर रे रोड आणि शिवडीच्या मधलं एक स्टेशन. कॉटन एक्स्चेंजची हिरवी इमारत, जुनी गोदामं आणि रांगेत उभे ट्रेलर. कापसाचा बाजार कुलाब्याहून इकडे हलवला, त्याला आता शंभरेक वर्षं झाली. कापूस गेला, नाव राहिलं. अप्पांच्या मते नावाबरोबर धूळ आणि खारी हवाही राहिली. शिवडीच्या चिखलात थंडीत फ्लेमिंगो येतात, ते बघायला लोक दुर्बिणी घेऊन येतात. अप्पा म्हणतात, "त्या पाखरांना मानवते ही हवा. माझ्या मिकुनी कार्बोरेटरला नाही मानवत."

कार्बोरेटर कसा चालतो हे अप्पांकडून ऐकावं. आमच्या मजल्यावरचा एक मुलगा व्हीजेटीआयला मेकॅनिकलला होता. परीक्षेच्या आदल्या रात्री वही घेऊन अप्पांकडे गेला. अप्पांनी वही मिटायला सांगितली आणि गच्चीवर नेलं. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून आतला बॉल दाखवला. "पाणी वर आलं की बॉल वर येतो नि नळ बंद होतो. फ्लोट तोच. पेट्रोल वाटीत जेवढ्यास तेवढं राहिलं पाहिजे. बॉल अडकला की टाकी वाहते आणि सेक्रेटरी बोंबलतो. इथे फ्लोट अडकला की पेट्रोल वाहतं आणि मी बोंबलतो." मग वरची गोष्ट. हवेची वाट मध्येच चिंचोळी केलेली असते, तिथे हवा जोरात पळते, दाब कमी होतो आणि वाटीतलं पेट्रोल जेटमधून वर ओढलं जातं. हवेत त्याचा फवारा होतो. वजनाने पेट्रोल एक भाग तर हवा पंधराच्या जरा खाली, हे झालं पुस्तकातलं प्रमाण. मुलगा म्हणाला, "अप्पा, हे बर्नुलीचं तत्त्व. १७३८ मध्ये त्याने पुस्तक लिहिलं यावर." अप्पांनी विचारलं, "कुठे असतो? ऑपेरा हाऊसला?"

ऑपेरा हाऊसला अप्पांची ठरलेली पार्टची दुकानं आहेत. तिथे नाही मिळालं तर शुक्रवारी चोरबाजार. गॅस्केटपुरतं जातो म्हणून निघालेले अप्पा येताना कुठल्यातरी मेलेल्या गाडीचा अख्खा कार्बोरेटर पिशवीतून आणतात, 'पार्टसाठी'. पलंगाखाली अशा मृतांचा एक खोका आहे. गादी उचलली की खडखडतो. काकूंचं म्हणणं, माहेरून आणलेला पितळी डबा ठेवायला घरात जागा नाही, पण दुसऱ्यांच्या गाड्यांची आतडी ठेवायला आहे.

सुईची क्लिप हा स्वतंत्र विषय आहे. स्लाइडच्या पोटात एक निमुळती सुई असते. तिच्या डोक्याकडे पाच खाचा आणि त्यातल्या एका खाचेत ही नखाएवढी क्लिप. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर उचलली जाते आणि पेट्रोल वाढतं. वर सरकवली की कमी होतं. अप्पांचा जन्म तिसऱ्या आणि चौथ्या खाचेच्या मध्ये गेला. तर ही क्लिप काढताना ती उडते. उडालीच पाहिजे, असा नियम असावा. "हलू नका!" अप्पा ओरडतात. सगळं घर जागच्या जागी थिजतं. काकू एक पाय वर घेऊन उभ्या, नात घास तोंडात धरून. नातू जुन्या स्पीकरचं लोहचुंबक घेऊन फरशीवर रांगतो. क्लिप लोखंडी, ती चिकटते. पण जेट पडला तर लोहचुंबक काय करणार? पितळेपुढे त्याचं काही चालत नाही. एकदा पायलट जेट खिडकीतून खाली पडला आणि तळमजल्यावरच्या आजींच्या तुळशीत सापडला. आजींनी तो सोन्याचा समजून दोन दिवस डब्यात जपून ठेवला होता. परत देताना म्हणाल्या, "कानातल्याची फिरकी ना रे?"

सगळं जोडून झालं की हवेचा स्क्रू. आत पूर्ण बसवायचा, पण हलक्या हाताने, आणि मग दीड फेरा बाहेर. हा दीड फेरा पुस्तकातला. त्यानंतरचा पाव फेरा अप्पांच्या कानातला. खाली जाऊन गाडी सुरू करतात, रेस सोडतात, डोळे मिटतात आणि पेचकस इकडे-तिकडे केसभर फिरवत ऐकत राहतात. शेजारी ट्रेलर हॉर्न मारतोय, मंडळाची पोरं लाउडस्पीकर तपासतायत, वरून काकू हाक मारतायत. अप्पांना फक्त आरएक्स ऐकू येते.

"ट्रायल मारून येतो." ट्रायलचा रस्ता ठरलेला. काळाचौकी, लालबाग, चिवडा गल्ली आणि परत. इंजिन गरम झाल्याशिवाय प्लगचा रंग कळत नाही आणि चिवडा गल्लीपर्यंत गेल्याशिवाय इंजिन गरम होत नाही, असं शास्त्र आहे. घरी आल्यावर प्लग काढून बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर हवा जास्त, बदामी असेल तर त्या संध्याकाळी अप्पा कुणालाही उसने पैसे देतात. मोठी ट्रायल मारावी असं त्यांना फार वाटतं. डोक्यावरून ईस्टर्न फ्रीवे गेलाय, शिवडीहून अटल सेतू सुटतो, २१.८ किलोमीटर, सरळ न्हावा-शेव्याला. दोन्हींवर दुचाकीला बंदी. "एवढा पूल बांधला," अप्पा म्हणतात, "आणि ज्याला चालवता येते त्यालाच सोडत नाहीत."

सोसायटीने एकदा नोटीस लावली होती. 'इमारतीच्या आवारात वाहनांचे सुटे भाग खोलू नयेत.' अप्पांनी ती वाचली, खाली सही केली आणि गप्प बसले. त्यांच्या बाजूने पाऊस उभा होता. जुलैत हिंदमाताला पाणी भरलं आणि त्यातून स्कूटरी ढकलत लोक घरी आले. रात्री इमारतीखाली ओळीने आठ-दहा स्कूटरी-मोटारसायकली उभ्या, एकही सुरू होईना. सगळ्यांत पुढे सेक्रेटरींची स्कूटर. अप्पा छत्री आणि पेचकस घेऊन खाली आले. काही न बोलता एकेका गाडीखाली वाकून वाटीचा तळातला ड्रेन स्क्रू सैल करायचे. आधी पाणी यायचं, मग पेट्रोल. स्क्रू बंद, प्लग काढून कोरडा करायचा, किक मारायची, चालू. सेक्रेटरींचा नंबर आला तेव्हा अप्पा सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "सुटा भाग आहे हा. खोलू?" दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर नव्हती. ती पावसाने भिजली असं सेक्रेटरी म्हणतात. बोर्ड जिन्यात आहे.

पण अशा रात्री आता येत नाहीत. १ एप्रिल २०२० पासून बीएस-सिक्स आलं आणि नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेला. आता इंजेक्शन. पेट्रोल किती सोडायचं ते सेन्सर आणि एक बंद डबी ठरवते. अप्पांच्या भाच्याने नवी गाडी घेतली, पेढे घेऊन दाखवायला आला. अप्पा गाडीभोवती दोनदा फिरले, खाली बसले, टाकीखाली हात घातला. "उघडायचं कुठून?" भाचा म्हणाला, "मामा, उघडायचं नसतं." पुढे कधीतरी गाडीच्या मीटरवर पिवळा दिवा लागला. अप्पाही सर्व्हिस सेंटरला सोबत गेले. पोराने एक वायर जोडली, स्क्रीनवर बघितलं, सेन्सर बदलला. "इंजिनाचा आवाज ऐकला का त्याने?" अप्पा परतीच्या वाटेवर भाच्याला विचारत होते. "नाही ना? मग कळलं कसं?"

त्यात पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आलं. अप्पांना आयुष्यभर एक शत्रू हवा होता, तो मिळाला. इथेनॉल पाणी ओढून घेतं, जुन्या गाड्यांचं रबर त्याने फुगतं, हे खरंच आहे. पण अप्पांच्या हिशेबी जिन्यातला दिवा गेला तरी इथेनॉल. एकदा त्यांनी आम्हा सगळ्यांना प्रयोग करून दाखवला. आकडे असलेल्या बाटलीत थोडं पाणी, त्यावर पेट्रोल, बूच लावून हलवलं आणि ठेवून दिलं. जरा वेळाने खालचा पाण्याचा थर आधीपेक्षा वर चढला, कारण इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरलं. आम्ही थक्क. अप्पा कृतकृत्य. तेवढ्यात काकूंनी बाटली ओळखली. नातीची दुधाची होती.

काकू त्या दिवशी जे बोलल्या ते इथे लिहिता येणार नाही, अप्पांनी मान खाली घालून ऐकलं. संध्याकाळी मी गेलो तर काकू गॅससमोर उभ्या होत्या आणि अप्पांना सांगत होत्या, "अहो, बर्नर नीट पेटत नाहीये. ज्योत पिवळी येतेय. हवा कमी पडते का बघा." अप्पा उठले. रेग्युलेटर बंद केला, बर्नर उतरवला, उजेडात धरला. "पाच मिनिटांचं काम आहे," म्हणाले. रात्री आम्ही सर्वांनी वडापाव खाल्ले.

अप्पांसारखा माणूस तुमच्याही इमारतीत असेल. त्याने जिन्यात अडवून "गाडी कशी आहे?" विचारलं तर "मस्त" म्हणा आणि न थांबता चालू लागा. "जरा मिसिंग करते" हे शब्द, दिवस मोकळा असल्याखेरीज, तोंडातून काढू नका. आणि अडगळीत आरएक्सची जुनी मिकुनी पडली असेल तर भंगारवाल्याला घालू नका. कॉटन ग्रीनला उतरा, काळाचौकीच्या बाजूला या, कार्बोरेटरवाले अप्पा कुठे राहतात ते कुणीही सांगेल. येताना चहाची एक नवी गाळणी तेवढी आणा. आमच्याकडच्या दोन्हींतून पेट्रोल गाळून झालंय.